चर्चसाठी ऑनलाइन देणगीचा फॉर्म: कोणते रकाने ठेवावेत, कोणते काढावेत?

खाडीकाठचा खजिनदार (मालवण तालुका)

नमस्कार. आमच्या पॅरिशच्या (एका चर्चभोवतीच्या धर्मग्रामाच्या) वित्त समितीचे काम गेल्या फेस्तापासून, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणापासून, माझ्याकडे आले आहे. पॅरिश लहान आहे. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांचे छप्पर असलेले जुने चर्च, दोन वाड्यांतील कपेले (छोटी प्रार्थनामंदिरे) आणि सिमेतेर (दफनभूमी) एवढाच पसारा आहे. देणगीचा मोठा भाग मात्र गावात राहणाऱ्या कुटुंबांकडून येत नाही. तो मुंबईतील चाकरमान्यांकडून आणि आखातात किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्यांकडून येतो, आणि ही मंडळी मे महिन्यात किंवा फेस्तालाच काय ती भेटतात. छपराचे वासे आणि रिपा पुढील पावसाळ्यापूर्वी बदलायच्या असल्याने या वेळी त्यांची वाट पाहत थांबता येणार नाही.

सध्या चर्चच्या दाराशी क्यूआर कोडचा कागद लावलेला आहे आणि त्याचेच छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. पैसे येतात, परंतु ते कोणी आणि कशासाठी दिले हे बँकेच्या विवरणावरून उमगत नाही. पाचशे रुपये जमा झालेले दिसतात. ते छपरासाठी, फेस्तासाठी, मिस्सा अर्पणासाठी (एखाद्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, करण्यासाठी दिलेले दान) की गरिबांच्या निधीसाठी, हे विचारायला फोन करावा तर कोणाला करावा हेही ठाऊक नसते. म्हणून पॅरिशच्या संकेतस्थळावर व्यवस्थित फॉर्म ठेवण्याचे ठरले आहे.

एका तरुण सभासदाने केलेल्या आराखड्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा झालेली पॅरिश, व्यवसाय, ईमेल, पॅन, आधार असे बरेच रकाने आहेत, आणि या निमित्ताने कुटुंबांची नोंदवहीही अद्ययावत होईल असे समितीतील काहींना वाटते. फादरांच्या मते एवढे विचारले तर लोक फॉर्म अर्ध्यावर सोडतील. किती विचारणे योग्य, करसवलतीचे काय, आणि परदेशातून येणारे पैसे कसे घ्यावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वसईकर

मी व्यवसायाने संकेतस्थळे तयार करतो आणि आमच्या धर्मग्रामासाठी असाच फॉर्म केलेला आहे. फादरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. कुटुंबांची नोंदवही आणि देणगी ही दोन वेगळी कामे आहेत; ती एकत्र केल्यास दोन्ही बिघडतात. पैसे द्यायला आलेल्या माणसाला जन्मतारीख विचारली की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘ही कशाला?’ असा, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे नसते.

फॉर्मचा आराखडा करण्याआधी पावतीचा करावा, असे मी सुचवीन. पावतीवर काय छापणार हे समितीने ठरवावे, आणि जे पावतीवर, हिशेबाच्या वहीत किंवा कायद्याने लागणाऱ्या विवरणात जाणार नाही ते फॉर्ममध्ये विचारूच नये. या कसोटीवर बहुतेक वेळा रक्कम, कशासाठी, नाव, मोबाइल क्रमांक आणि वाडा किंवा सध्याचे गाव एवढेच उरते. ईमेल ऐच्छिक ठेवावा, कारण आपल्याकडील ज्येष्ठांना पावती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसएमएसने मिळालेली अधिक सोयीची वाटते. खाते उघडा, पासवर्ड ठेवा असली अट तर मुळीच नको.

‘कशासाठी’ हा रकाना सर्वांत वर, रकमेच्याही आधी असावा. आपल्या अडचणीचे मूळ तेथेच आहे. त्याखाली चार-पाचच पर्याय द्यावेत आणि पहिला पर्याय ‘जेथे गरज असेल तेथे’ असा ठेवावा. बहुसंख्य लोकांना खरोखर तेच अभिप्रेत असते आणि त्यामुळे समितीचेही हात मोकळे राहतात. छपरासारखे मुदतीचे काम असेल तर त्याचा पर्याय काम पूर्ण होताच काढून टाकावा. फेस्त उलटून गेल्यावरही फेस्ताची देणगी मागणारे फॉर्म मी पाहिले आहेत, आणि अशा फॉर्ममागे कोणी लक्ष देणारे आहे का, अशी शंका देणाऱ्याला येते.

आता मोबाइलचे. आपले जवळजवळ सर्व देणगीदार फॉर्म मोबाइलवरच उघडणार, कारण दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. मोबाइलच्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवला तर तो स्कॅन करायला दुसरा फोन लागतो; मग लोक त्याचा स्क्रीनशॉट काढून यूपीआय अ‍ॅपमध्ये उघडण्याची खटपट करतात आणि त्यात हेतूची नोंद हरवते. त्यामुळे मोबाइलवर ‘यूपीआयने द्या’ असे बटण ठेवावे, जे रक्कम आणि संदर्भ क्रमांकासह थेट अ‍ॅप उघडेल, आणि क्यूआर कोड फक्त संगणकावर दाखवावा. रकमेच्या रकान्यात बोट ठेवताच आकड्यांचा कळफलक उघडला पाहिजे. नावाच्या रकान्यात देवनागरी चालले पाहिजे, आणि रोमनमध्ये डिसोजा लिहिताना मध्ये येणारे अपॉस्ट्रॉफीचे चिन्हही चालले पाहिजे. तयार फॉर्मपैकी काही ते चिन्ह ‘अवैध’ ठरवून परत पाठवतात, आणि आपल्या समाजात या आडनावाची किती कुटुंबे आहेत हे मी सांगायला नको.

सर्वांत अधिक काळजी पैसे अडकतात त्या क्षणाची घ्यावी. पावसाळ्यात आपल्याकडे रेंज जाते, वीज जाते. खात्यातून पैसे वजा होतात आणि पडदा गोल गोल फिरत राहतो. अशा वेळी माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. म्हणून ‘देणगी मिळाली’ हे देणगीदाराचा ब्राउझर परत आला यावरून ठरवू नये, तर गेटवेकडून (ऑनलाइन पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीकडून) आपल्या सर्व्हरला थेट येणाऱ्या वेबहुकच्या, म्हणजे आपोआप येणाऱ्या, संदेशावरून ठरवावे, आणि पावतीही त्यानंतरच निघावी. पडद्यावर मात्र साध्या मराठीत लिहावे: ‘आपले पैसे वजा झाले असतील तर पुन्हा भरू नका. चर्चच्या खात्यात ते पोहोचले नसतील तर बँक ते परत करील.’ व्यापारी यूपीआय व्यवहारात असे अडकलेले पैसे पाच दिवसांच्या आत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या परिपत्रकाने बँकांवर घातलेले आहे, त्यामुळे हे आश्वासन पोकळ नाही.

शुल्काविषयी थोडेच. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे स्वीकारणाऱ्याकडून घेतले जाणारे व्यवहार शुल्क) शून्य आहे. क्रेडिट कार्डावर मात्र गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. यूपीआय सर्वांत वर ठेवले की हा प्रश्न बराचसा मिटतो.

कुडाळचा हिशेबनीस

मी सनदी लेखापालाच्या कार्यालयात विश्वस्त संस्थांचे काम पाहतो. वसईकरांनी मांडलेली पावतीची कसोटी उत्तम आहे, परंतु पत्त्याबाबत त्यांनी थोडी घाई केली आहे. त्याआधी एक मूलभूत प्रश्न: पॅन कोणाचा? पुष्कळ पॅरिशांचा स्वतंत्र पॅन नसतो. खाते धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारातील अनेक पॅरिशांच्या क्षेत्राच्या) किंवा त्याच्या नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असते. गेटवे खाते उघडताना न्यासाची नोंदणी, पॅन आणि बँक खाते या तिन्हींवरचे नाव तंतोतंत जुळावे लागते आणि स्कॅन करणाऱ्याच्या फोनवरही तेच नाव दिसते. त्यामुळे धर्मप्रांताच्या कार्यालयाची लेखी संमती हाती येईपर्यंत फॉर्मचे काम पुढे नेऊ नका. खजिनदाराच्या किंवा फादरांच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर चर्चची देणगी घेणे, दोन दिवसांसाठीसुद्धा, कटाक्षाने टाळावे.

आता करसवलत. येथे लोकांचा सर्वाधिक गैरसमज होतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०जी कलमाची सवलत एखाद्या विशिष्ट धर्मीय समाजासाठीच असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर साधारणतः मिळत नाही. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेलाही वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करण्याची मुभा आहे. म्हणजे चर्चच्या छपरासाठी दिलेल्या पैशांवर ही सवलत गृहीत धरता येणार नाही, तर धर्मप्रांताच्या समाजकार्य संस्थेकडे ८०जी मान्यता असेल तर तिच्या शिष्यवृत्ती निधीला किंवा वैद्यकीय मदतीला दिलेल्या पैशांवर ती मिळू शकेल. ही दोन वेगळी खाती आहेत आणि फॉर्मवरही ती वेगळी दिसली पाहिजेत. सर्व पर्यायांच्या वर ‘८०जी सवलत उपलब्ध’ असे एकच वाक्य लिहिणे म्हणजे देणगीदाराला चुकीची माहिती देणे होय.

ज्या पर्यायावर सवलत आहे त्यासाठीच पॅन विचारावा. संस्थेला दरवर्षी फॉर्म १०बीडी, म्हणजे देणग्यांचे विवरण, ३१ मेपर्यंत भरावा लागतो आणि त्यानंतर प्रत्येक देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. त्या विवरणात नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक लागतो. नवी करप्रणाली स्वीकारलेल्या माणसाला ही वजावट मुळात मिळतच नाही, त्यामुळे ‘मला करसवलतीचे प्रमाणपत्र हवे आहे’ अशी एक चौकट ठेवावी आणि तिच्यावर खूण केली तरच पॅनचा रकाना उघडावा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. मी लोकांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक वापरले आहेत, छापण्यापूर्वी आपल्या सीएकडून ते तपासून घ्यावेत.

पत्ता का हवा? ज्या देणगीदाराचे नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरी नाही ती देणगी कायद्याच्या दृष्टीने निनावी ठरते, आणि धर्मादाय संस्थेला अशा देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के दराने कर बसू शकतो. निव्वळ धार्मिक न्यासाला यातून सूट आहे, म्हणूनच दानपेटीतील नाण्यांची चिंता करावी लागत नाही. तरीही समाजकार्याच्या पर्यायापुरता पूर्ण पत्ता घ्यावाच. चर्चच्या पर्यायाला वाडा किंवा गाव पुरे.

परदेशाबद्दल मात्र मी अत्यंत सावध राहीन. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० पाहतो तो देणाऱ्याचे नागरिकत्व. पैसे कोणत्या देशातून आले यावर सगळे ठरत नाही. कुवेतमध्ये नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ते परदेशी अंशदान ठरत नाही. याउलट ज्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे, तो ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्डधारक असला आणि फेस्ताला गावात येऊन रुपयांत देणगी देत असला, तरी ती परदेशी अंशदानच आहे. गोव्याच्या सीमेलगतच्या आपल्या गावांत अशी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या मनात काहीही गैर नसते, पण जबाबदारी संस्थेवर येते. संस्थेची या कायद्याखाली नोंदणी असेल तर तो पैसा फक्त दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या विशेष खात्यातच यायला हवा, हे २०२० च्या दुरुस्तीने ठरले आहे. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर स्वीकारताच येत नाही. म्हणून ‘मी भारतीय नागरिक आहे’ हे होय-नाही उत्तर फॉर्ममध्ये सक्तीचे करा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे भरण्याचे बटण न दाखवता पॅरिश कार्यालयाशी संपर्क साधण्याची विनंती दाखवा.

आखातवासी

मी कुवेतला आहे, मूळचा देवगड तालुक्यातला. देणाऱ्याच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो. येथील बँकेचे कार्ड भारतातील देशांतर्गत गेटवेवर बहुधा चालत नाही, आणि भारतीय सिमकार्ड रोमिंगवर नसेल तर ओटीपी येत नाही. अनिवासी खात्यांना परदेशी मोबाइल क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची सोय २०२३ मध्ये प्रथम दहा देशांसाठी झाली. त्यात अमिराती, सौदी, ओमान आणि कतार होते, कुवेत नव्हते. त्यामुळे आमच्यासारख्यांना एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या भारतातील बँक खात्यातून) नेटबँकिंगने पैसे पाठवणे हाच खात्रीचा मार्ग वाटतो. फॉर्ममध्ये ‘मी बँकेतून थेट पाठवतो’ असा पर्याय ठेवा, तो निवडल्यावर खाते क्रमांकासोबत एक छोटा संदर्भ क्रमांक द्या आणि तो व्यवहाराच्या टिपणीत लिहायला सांगा. ती टिपणी आपल्या विवरणात उमटली की देणगी कोणाची आणि कशासाठी, हे आपल्याला फोन न करता कळेल.

आणि कृपया हिशेब दाखवा. छपरासाठी किती जमले आणि किती हवे, हे फॉर्मच्या वर एका ओळीत असले तर आम्ही गटात दुवा पुढे पाठवताना वेगळे आवाहन करावे लागत नाही.

खाडीकाठचा खजिनदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नागरिकत्वाचा मुद्दा समितीत कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्टधारक कुटुंबे आहेत. आणखी एक शंका विचारतो. मिस्सा अर्पणाचे हेतू, म्हणजे कोणासाठी किंवा कशासाठी मिस्सा करायची त्या विनंत्या, याच फॉर्ममधून घ्यावेत का? मृतांच्या वर्षदिनाच्या मिस्सासाठी मुंबईहून सतत विचारणा होते.

सावंतवाडीची एक सेविका

मी पॅरिश कार्यालयात अनेक वर्षे मिस्साच्या हेतूंची वही लिहिली आहे, म्हणून या प्रश्नावर स्पष्टपणे लिहिते. हेतू ऑनलाइन घेण्यास माझा विरोध नाही, परंतु ते देणगीच्या फॉर्ममधील आणखी एक पर्याय म्हणून घेऊ नयेत. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या) ९४७ व्या कलमाने मिस्सा अर्पणाच्या बाबतीत व्यापाराचा आभासही टाळण्यास सांगितले आहे. ‘हेतू निवडा, तारीख निवडा, रक्कम भरा’ अशी रांग, आणि शेजारी ५००, १०००, २००० अशी बटणे, हे चित्र बसचे आरक्षण केल्यासारखे दिसते. अर्पणाची रक्कम प्रांतातील बिशप ठरवतात, त्यामुळे तेथे रकमेची बटणे असण्याचे कारणच नाही.

दुसरे असे की, ९४८ व्या कलमानुसार ज्या हेतूंसाठी अर्पण स्वीकारले त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र मिस्सा व्हावी लागते, आणि ९५३ व्या कलमानुसार वर्षभरात पूर्ण करता येतील त्याहून अधिक अर्पणे कोणीही धर्मगुरू स्वीकारू शकत नाही. संगणकाला हे कळत नाही; तो घेतच राहतो. नोव्हेंबरात, मृत भाविकांच्या महिन्यात, एका फादरांच्या पॅरिशमध्ये किती हेतू येतात याचा विचार करावा. तेव्हा हेतूचा फॉर्म वेगळा असावा, त्यात मृताचे नाव आणि सोयीची तारीख विचारावी, कार्यालयाने वही पाहून तारीख निश्चित करावी आणि त्यानंतरच अर्पणाचा दुवा पाठवावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गरिबांच्या हेतूंसाठी अर्पण न घेताही मिस्सा करावी, अशी धर्मगुरूंना ९४५ व्या कलमाची आग्रहाची शिफारस आहे. पैसे भरल्याशिवाय हेतू पुढे सरकणारच नाही असा फॉर्म केला, तर कार्यालयात येऊन संकोचाने ‘फादर, सध्या जमणार नाही’ म्हणणाऱ्या विधवेसाठी जी वाट आज उघडी आहे, ती आपण ऑनलाइन बंद करून टाकू.

छपराच्या देणगीबद्दलही १२६७ व्या कलमाचा तिसरा परिच्छेद समितीने वाचावा: ठरावीक कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरता येते. छपरासाठी गरजेपेक्षा अधिक जमल्यास उरलेले पैसे कोठे जातील, हे फॉर्मवरच आधी लिहावे. नंतर पत्रक काढून समजावणे फार अवघड जाते.

वेंगुर्ल्याहून

आमचे चर्च प्रोटेस्टंट परंपरेतील असल्याने मिस्साचा प्रश्न आम्हाला नाही, पण दशांशामुळे (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याच्या प्रथेमुळे) दरमहा देण्याची पद्धत जुनी आहे. त्यासाठी यूपीआय ऑटोपे (ठरलेली रक्कम आपोआप वजा होण्याची सोय) ठेवण्याचा विचार करावा; १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पहिल्यांदा मंजुरी दिल्यावर दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे वजा होण्याच्या एक दिवस आधी सूचना येते. मात्र ‘एकदाच’ हा पर्याय आधीपासून निवडलेला असावा. ‘दरमहा’ आधीच निवडून ठेवणारे फॉर्म मला आवडत नाहीत. दुसऱ्या महिन्यात पैसे गेले की म्हातारी माणसे थेट पास्टरांच्या दारात येतात. ऑटोपे बंद कसे करायचे हेही पावतीवर लिहावे.

रकमेच्या तयार बटणांबाबत वसईकर काही बोलले नाहीत. माझे मत विचाराल तर ती असावीत, पण सर्वांत लहान रक्कम खरोखर लहान असावी. पहिलेच बटण हजाराचे असेल तर शंभर रुपये देऊ इच्छिणारा मच्छीमार ओशाळून फॉर्म बंद करतो. तसेच देणगीदारांची नावे फलकावर लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. डाव्या हाताला कळू नये असे दान देणारेही आपल्यातच आहेत, तेव्हा ‘माझे नाव जाहीर करावे’ अशी चौकट रिकामी ठेवावी, ज्याला हवे तो खूण करील.

खाडीकाठचा खजिनदार

कालच्या बैठकीत फादरांनी आणि समितीने पुढील रचना मान्य केली. सुरुवातीला ‘जेथे गरज असेल तेथे’, ‘छप्पर दुरुस्ती’, ‘कपेले आणि सिमेतेर’ आणि ‘शिक्षण व आजारपणातील मदत’ हे चार पर्याय असतील. शेवटच्या पर्यायाचे पैसे समाजकार्य संस्थेच्या वेगळ्या खात्यात जातील आणि पॅन व पूर्ण पत्ता फक्त तेथेच विचारला जाईल. त्यानंतर रक्कम, नाव, मोबाइल क्रमांक, वाडा किंवा गाव आणि नागरिकत्वाचा प्रश्न. छपराच्या पर्यायाखाली ‘काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास ती चर्चच्या इमारतीच्या देखभालीसाठीच वापरली जाईल’ असे वाक्य येईल. हेतूंचा फॉर्म वेगळा राहील आणि तो पैसे न भरताही पाठवता येईल. धर्मप्रांताच्या कार्यालयाला संमतीसाठी पत्र गेले आहे. उत्तर येईपर्यंत दुवा कोणालाही पाठवला जाणार नाही.

कुडाळचा हिशेबनीस

रचना योग्य वाटते. दोन किरकोळ सूचना. आपण माहिती कशासाठी घेत आहात, किती काळ ठेवणार आणि ती काढून टाकण्यासाठी कोणाला सांगायचे, हे फॉर्मच्या तळाशी तीन-चार ओळींत लिहावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अशी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि मराठी व कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. दुसरे म्हणजे, फॉर्म सुरू झाला त्या दिवशी दारावरचा जुना क्यूआर कोडचा कागद काढून टाका आणि नवा काचेच्या आत लावा. उघड्या कागदावर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवून जाण्याचे प्रकार दुकानांतून घडतात, म्हणून दर रविवारी मिस्साआधी कोणीतरी तो स्कॅन करून न्यासाचेच नाव येते ना, हे पाहावे.